आधी हवेविना, मग हवेत : सोलापूरचा रंग, पाणी आणि जीवाणू

आजचा विषय ऐकून काही जणांच्या मनात आलं असेल की सोलापूरचा इतिहास आणि जीवाणूंचं रसायनशास्त्र यांचा एकमेकांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो रंगातून येतो. सोलापुरी चादर घ्या. ती विणून झाल्यावर रंगवत नाहीत. आधी सूत रंगवायचं आणि मग ते मागावर चढवायचं. म्हणून या शहरात जिथे माग आला तिथे डाइंग आलं, आणि जिथे डाइंग आलं तिथे रंगीत पाणी आलं. त्या पाण्याचं पुढे काय होतं, ते कोण करतं आणि किती करतं, याचा इतिहास आज आपण बघणार आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. रंगीत पाणी काही दिवस साचून राहिलं की पुष्कळदा फिकं होतं. लोक म्हणतात, पाणी निवळलं. पण रंग जाणं आणि विष जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली काही तासांत होऊ शकते. दुसरीला फार वेळ लागतो, कधी कधी ती होतच नाही. आणि ती होऊ शकते हे मान्य करायलाच विज्ञानाला अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला.

गिरण्यांच्या आधीपासून सुरू करू. दख्खनच्या गावांत कापडाला निळा रंग देणारा एक समाज होता. काही ठिकाणी त्यांना निळारी म्हणत, काही ठिकाणी निराळी. आजही हे आडनाव आपल्याकडे ऐकू येतं. निळीची एक मोठी अडचण असते. नीळ पाण्यात विरघळत नाही, आणि जे विरघळत नाही ते धाग्यात शिरत नाही. मग हे लोक काय करायचे? मोठ्या रांजणात नीळ, चुना आणि गूळ किंवा खजूर, काही ठिकाणी टाकळ्याचं बी, असं घालून ते आंबवत ठेवायचे. काही दिवसांनी रांजणातलं पाणी हिरवट-पिवळं व्हायचं आणि वर निळसर साय धरायची. त्यात सूत बुडवलं की बाहेर येताना ते पिवळट-हिरवं दिसायचं. वाऱ्यावर धरलं की डोळ्यांदेखत निळं व्हायचं.

रांजणात घडायचं ते असं. गुळावर जीवाणू वाढायचे आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवायचे. ऑक्सिजन संपल्यावर त्यांच्या शरीरातून निघणारे इलेक्ट्रॉन निळीच्या रेणूवर जायचे. नीळ त्यामुळे विरघळणाऱ्या, जवळजवळ बिनरंगी रूपात बदलायची. सूत हवेत आलं की ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन परत काढून घ्यायचा आणि नीळ धाग्याच्या आत पुन्हा घट्ट बसायची. युरोपात वोड नावाच्या झाडाची नीळ याच तऱ्हेने वापरत. मध्ययुगीन पद्धतीने लावलेल्या अशाच एका वोडच्या रांजणातून वेगळ्या केलेल्या जीवाणूला १९९९ मध्ये क्लॉस्ट्रिडियम आयसॅटिडिस असं नाव मिळालं. जीवाणू हा शब्दही नव्हता तेव्हापासून आपले रंगारी त्याच्या भाऊबंदांना कामाला लावत होते.

या रांजणातली दोन सूत्रं लक्षात ठेवू. एक, काही कामं हवा बंद असेल तरच होतात. दोन, त्यानंतरचं काम हवा लागल्यावरच होतं. आणि तिसरी गोष्ट अशी की या सगळ्यात निळीचा रेणू मोडत नाही. त्याचा रंग जातो आणि परत येतो, पण सांगाडा तोच राहतो.

हा सांगाडा म्हणजे काय? १८२५ मध्ये मायकेल फॅरडेने दिव्याच्या वायूच्या तेलकट गाळातून एक द्रव वेगळा केला. त्याला पुढे बेन्झीन म्हणू लागले. १८६५ मध्ये ऑगस्ट केकुले याने मांडलं की त्यात सहा कार्बन अणूंचं कडं आहे. अशी कडी असलेल्या संयुगांना आपण अरोमॅटिक म्हणतो. पेट्रोलमधलं बेन्झीन, टोल्युइन, झायलीन ही त्यांतली साधी मंडळी. निळीत अशी दोन कडी आहेत, आणि बहुतेक कृत्रिम रंगांत एकाहून जास्त असतात. कड्यातले इलेक्ट्रॉन एका जागी अडकून न राहता सगळ्या सहा अणूंमध्ये मिळून वाटलेले असतात. त्यामुळे कडं फार स्थिर असतं. साखळीसारखा रेणू कुठूनही कुरतडता येतो. कड्याला टोकच नाही, तर सुरुवात कुठून करणार?

आता गिरण्यांकडे येऊ. मोरारजी गोकुळदास यांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ च्या सुमारास सुरू झाली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, पूर्व भाग वसला, आणि गिरण्यांचे भोंगे थांबल्यावरही हातमाग आणि यंत्रमागांवर शहर चालत राहिलं. आज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणले जातात, ते याच परंपरेतून.

नेमक्या याच काळात रंगांची दुनिया उलटीपालटी झाली. १८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाला कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग मिळाला. १८५८ मध्ये पीटर ग्रीस याने एक रासायनिक क्रिया शोधली, तिच्यातून पुढे आझो रंग जन्मले. आझो रंगात दोन नायट्रोजन अणूंचा एक जोड असतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अरोमॅटिक कडी असतात. बैलगाडीचा कणा आणि दोन्ही टोकांना चाकं, असं समजा. १८६९ पर्यंत आलाच्या किंवा मंजिष्ठाच्या मुळातून मिळणारा तांबडा रंग प्रयोगशाळेत तयार होऊ लागला. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली, आणि रांजणवाल्या निळाऱ्याचा धंदा बुडायला सुरुवात झाली.

कापसाच्या दृष्टीने सगळ्यात मोठी घटना १८८४ च्या आसपासची आहे. काँगो रेड नावाचा आझो रंग आला. तोवर सुती धाग्यावर तांबडा रंग बसवायचा तर तुरटीसारखा बंधक आधी लावावा लागे. काँगो रेडला ते काहीच नको. गरम पाण्यात रंग टाका, सूत बुडवा, झालं. स्वस्त, सोपा आणि झगझगीत. हा रंग बेन्झिडीन नावाच्या पदार्थापासून तयार व्हायचा. ते नाव ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. १९५६ मध्ये आयसीआय कंपनीने रिअॅक्टिव्ह रंग आणले. हे धाग्याशी थेट रासायनिक गाठ मारतात. पण त्यातला बराचसा रंग धाग्याऐवजी पाण्याशीच क्रिया करून बसतो आणि मग धुवून काढावा लागतो. ते धुण्याचं पाणी म्हणजे नाल्यातलं रंगीत पाणी. सोबत मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट भरपूर लागतं, तेही त्याच पाण्यात जातं.

डाइंगमध्ये काम करणाऱ्यांना एक गंमत माहीत असेल. पक्क्या रंगासाठी आजही व्हॅट रंग वापरतात, आणि त्यासाठी कॉस्टिक आणि हायड्रोस लागतं. हायड्रोस तेच करतं जे रांजणातले जीवाणू करायचे. रंगाला इलेक्ट्रॉन देऊन ते त्याला विरघळवतं, आणि नंतर सूत हवेत ठेवलं की रंग पुन्हा उमटतो. म्हणजे कारखाना नवा झाला, पण तत्त्व जुन्या रांजणाचंच राहिलं.

आता इतिहासाचा दुसरा धागा उचलू, कारण आझो रंगांचं खरं रूप कपड्यांच्या आधी माणसाच्या शरीरात दिसलं. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी सांगितलं की रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दिसत आहेत. पुढच्या दशकांत संशयाची सुई अरोमॅटिक अमाइन या गटावर स्थिरावली, आणि त्यात बेन्झिडीन आलं. हे झालं कारखान्यात, कच्चा माल हाताळणाऱ्यांचं. तयार रंगाचं काय? त्याचं उत्तर एका औषधाने दिलं. १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाचा लाल रंग जंतुसंसर्गावर गुणकारी असल्याचं जाहीर केलं. गंमत म्हणजे नळीतल्या जंतूंवर तो काहीच करायचा नाही, फक्त जिवंत प्राण्यात चालायचा. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कोडं सुटलं. शरीरात त्या रंगाचा आझो जोड तुटतो आणि एक बिनरंगी तुकडा सुटा होतो. गुण त्या तुकड्याचा होता. पुढे कळलं की आपल्या आतड्यात, जिथे ऑक्सिजन नसतो, तिथले जीवाणू असे आझो जोड अगदी सहज तोडतात.

इथे जरा थांबू. बैलगाडीचा कणा मोडला की गाडी चालत नाही. तसा आझो जोड तुटला की रंग दिसत नाही. पण दोन्ही चाकं शाबूत असतात. प्रॉन्टोसिलचं चाक औषध निघालं. काँगो रेडचा जोड तुटल्यावर सुटणारं चाक म्हणजे बेन्झिडीन. नाल्यातल्या गाळात, साचलेल्या खड्ड्यात, टाकीच्या तळाशी जिथे हवा पोहोचत नाही, तिथे जीवाणू नेमकं हेच करतात. आझो जोड तोडायला चार इलेक्ट्रॉन लागतात. पाण्यात ऑक्सिजन असला तर तो ते इलेक्ट्रॉन आधीच पळवतो. म्हणून ढवळलेल्या, हवा खेळवलेल्या टाकीत अनेक आझो रंग तसेच राहतात आणि बंद टाकीत फिके पडतात. बघणाऱ्याला वाटतं, पाणी शुद्ध झालं. प्रत्यक्षात रंगीत विषाचं बिनरंगी विष झालेलं असू शकतं, आणि बिनरंगी झाल्यामुळे ते ओळखणं अवघड होऊन बसतं. आपल्या केंद्र सरकारने १९९० च्या दशकात आधी बेन्झिडीनवर आधारलेल्या ४२ आणि नंतर आणखी ७० आझो रंगांवर बंदी घातली, ती याच तुटणाऱ्या तुकड्यांमुळे. बंदीबाहेरचे आझो रंग आजही सर्रास वापरात आहेत. सगळ्यांचे तुकडे तितके घातक नसतात, पण सगळ्यांचे तुकडे असतात.

मग प्रश्न येतो तो आजचा मुख्य प्रश्न. जोड तुटला, ठीक. पण ते कडं, ते चाक, हवेविना कुणी मोडू शकतं का?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांचं उत्तर 'नाही' असं होतं, आणि त्याला कारणही भक्कम होतं. १९५५ मध्ये ओसामु हायाइशी या जपानी जीवरसायनज्ञाने सहकाऱ्यांसह एक सुंदर प्रयोग केला. ऑक्सिजनच्या जड अणूंवर खूण ठेवून त्यांनी दाखवलं की जीवाणूंचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, हवेतला ऑक्सिजन थेट कड्यात घुसवून कडं फोडतं. ऑक्सिजन इथे पहारीसारखा वापरला जातो. पहार नसेल तर खडक फुटणार कसा? ही समजूत इतकी रुजली की हवा नाही तिथे तेल आणि पेट्रोलमधली कडी कायमची पडून राहतात असं धरलं जाई.

गंमत अशी की उलटा पुरावा त्याआधीच छापून झालेला होता. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये टार्व्हिन आणि बझवेल यांनी सांडपाण्याच्या गाळातल्या जीवाणूंना बेन्झोइक आम्लासारखी कडी असलेली आम्लं खायला दिली, हवा पूर्ण बंद ठेवून. कडी गेली आणि मिथेन व कार्बन डायऑक्साइड मिळाले. सांडपाण्यातून वायू निघतो हे महाराष्ट्राला नवं नव्हतं. १८९७ मध्येच मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसतिगृहात मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून वापरात आणला गेला होता. पण शेण-मैल्यातून वायू निघणं वेगळं आणि बेन्झीनचं कडं मोडून वायू निघणं वेगळं. बझवेल यांच्या निष्कर्षाकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही, कारण हे होतं कसं ते त्यांना सांगता येत नव्हतं.

ते सांगायला सुरुवात केली वेल्समधल्या बँगोरच्या प्रोफेसर डब्ल्यू. सी. इव्हान्स यांनी. १९६९ मध्ये डटन आणि इव्हान्स यांनी प्रकाशावर जगणाऱ्या एका जीवाणूत पाहिलं की तो हवेविना कडं फोडत नाही, आधी कड्यावर हायड्रोजन चढवून त्याची ती इलेक्ट्रॉनची वाटणीच मोडतो. वाटणी मोडली की कडं साधं होतं, आणि साध्या कड्याला पाणी वापरूनही चीर पाडता येते. १९७७ मध्ये इव्हान्स यांनी 'नेचर'मध्ये या सगळ्याचा आढावा घेतला, तेव्हा विषय चर्चेत आला. तरी एक हरकत उरलीच. बेन्झोइक आम्लाच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासून असतो, म्हणजे पकडायला मूठ असते. टोल्युइन, झायलीन, बेन्झीन यांत फक्त कार्बन आणि हायड्रोजन. मूठ नसलेलं भांडं उचलायचं कसं?

ही हरकत १९८० च्या दशकात कोसळली. स्वित्झर्लंडमध्ये नदीच्या गाळाने भरलेल्या नळ्यांत झायलीन नायट्रेटच्या आधाराने नाहीसं होताना दिसलं. १९८६ मध्ये अमेरिकेत व्होगेल आणि ग्र्बिच-गालिच यांनी दाखवलं की मिथेन तयार करणाऱ्या जीवाणूंच्या समूहात टोल्युइन आणि बेन्झीनला जोडला जाणारा ऑक्सिजन हवेतला नसून पाण्यातला असतो. १९८९ मध्ये डेरेक लव्हली आणि सहकाऱ्यांनी तर सांगितलं की पोटोमॅक नदीच्या गाळातून मिळालेला एक जीवाणू टोल्युइन खातो आणि इलेक्ट्रॉन चक्क लोखंडाच्या गंजावर टाकतो. त्याचं नाव पुढे जिओबॅक्टर मेटालिरेड्युसेन्स पडलं.

हे समजायला एक साधा हिशोब पुरेसा आहे. प्रत्येक जीव अन्नातून इलेक्ट्रॉन काढतो आणि ते कुठेतरी टाकावेच लागतात. आपण ते श्वासातल्या ऑक्सिजनवर टाकतो. ऑक्सिजन संपला की जीवाणू नायट्रेटकडे वळतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि काहीच उरलं नाही की मिथेनचा मार्ग. जितकं खाली जावं तितकी मिळकत कमी आणि कामाचा वेग कमी. ग्लॉबर सॉल्ट वापरलेल्या डाइंगच्या पाण्याला बंद टाकीत सडक्या अंड्याचा वास येतो तो याच पायरीचा. ग्लॉबर सॉल्ट म्हणजे सल्फेट. जीवाणू त्यावर इलेक्ट्रॉन टाकतात आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो.

मूठ नसलेल्या भांड्याचं कोडं जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या गेऑर्ग फुक्स यांच्या गटाने सोडवलं. १९९६ मध्ये हायडर, बीगर्ट आणि फुक्स यांनी दाखवलं की जीवाणू टोल्युइनच्या शेपटीला फ्युमरेट नावाचं एक लहान आम्ल जोडतो. म्हणजे मूठ बाहेरून आणून बसवतो. हे काम करणारं विकर हवा लागताच निकामी होतं. त्यापुढे बहुतेक सगळ्या वाटा एका ठिकाणी येऊन मिळतात, त्याला बेन्झॉइल-कोए म्हणतात. आपल्या भाषेत ते कुर्डुवाडी जंक्शन. मुंबईकडून या, मिरजेकडून या, लातूरकडून या, गाडी कुर्डुवाडीला येणारच. तिथे एक विकर कड्यावर इलेक्ट्रॉन चढवतं. बोल आणि फुक्स यांनी १९९५ मध्ये ते हाती घेतलं, आणि दिसलं की थाउएरा ॲरोमॅटिकासारख्या जीवाणूंना या एका पायरीसाठी स्वतःच्या साठ्यातली ऊर्जा मोजावी लागते. सुरुवातीला खिशातले पैसे घालायचे आणि कडं मोडल्यावर पुढच्या तुकड्यांतून ते वसूल करायचे. धंदा चालतो, पण नफा थोडा. हवेविना होणारं काम इतकं संथ का, याचं मोठं उत्तर या हिशोबात आहे. आणि बेन्झीनला शेपटीच नाही. त्याला मूठ बसवायला जागाच नाही, म्हणून या कुटुंबात सगळ्यात हट्टी तेच.

प्रयोगशाळेतलं हे सगळं जमिनीखाली खरंच घडतं का? त्याचं सगळ्यात तपशीलवार पाहिलेलं उदाहरण अमेरिकेतल्या बेमिजी गावाजवळचं आहे. २० ऑगस्ट १९७९ रोजी तिथे कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. बरंचसं उपसलं, काही जाळलं, तरी सुमारे ४ लाख लिटर जमिनीत उरलं. शास्त्रज्ञांनी तिथे कायमचं ठाण मांडलं. त्यांना दिसलं की तेलातली विरघळलेली कडी भूजलासोबत जितकी लांब जायला हवी होती तितकी गेली नाहीत. वाळूवरच्या लोहाच्या आधाराने जीवाणू त्यांना वाटेतच संपवत होते. पण जवळचं लोह संपत गेलं तसा तो आधारही कमी झाला. निसर्ग स्वतःची साफसफाई करतो हे खरं, मात्र त्याच्याकडचा माल मोजका असतो.

आता हे सगळं घेऊन सोलापूरला परत येऊ, आणि जपून येऊ. बेमिजीच्या खाली हिमनदीने आणलेली वाळू आहे. आपल्या खाली दख्खनचा बेसॉल्ट. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. वाळूतून पाणी हळूहळू, सगळीकडून झिरपतं. जीवाणूंना वेळ मिळतो, जागा मिळते. कातळात पाणी भेगांमधून धावतं. एका बोअरला भेग लागली तर पाणी, पाच हातांवर दुसरी कोरडी, हे आपल्याकडे कुणालाही सांगायला नको. अशा जमिनीत संथ काम करणाऱ्या जीवाणूंना पाणी हातात धरून ठेवता येत नाही. म्हणून तिकडे चाललं ते इथे आपोआप चालेल असं धरणं धोक्याचं आहे. पाकणीला इंधनाचे मोठे डेपो आहेत, मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइन तिथपर्यंत येते, शहरात गल्लोगल्ली पेट्रोल पंप आहेत. तिथे काही बिघडलंय असं आम्ही म्हणत नाही. इतकंच म्हणतो की आजूबाजूच्या विहिरींचं पाणी नियमित तपासणं हा आपल्याकडचा पहिला उपाय, आणि जीवाणूंवरचा भरवसा त्यानंतरचा.

आणि रंगाच्या पाण्याचं? इथे जुना रांजण पुन्हा उपयोगी पडतो. रंगाऱ्याची शिस्त होती की आधी हवेविना, मग हवेत. साफसफाईचीही नेमकी तीच शिस्त निघाली. १९९१ मध्ये जर्मनीत एका गंधकयुक्त आझो रंगावर जीवाणूंच्या समूहाने काम केलं ते दोन टप्प्यांत. आधी हवा बंद करून जोड तोडला, मग हवा देऊन तुकड्यांची कडी फोडली. हवेविना तुटलेले गंधकयुक्त तुकडे बहुधा हवेविना पुढे सरकत नाहीत, त्यांना हायाइशींची ती ऑक्सिजनची पहारच लागते. उलट, १९९७ मध्ये नेदरलँड्सच्या वाखेनिंगेनमध्ये अझोडायसॅलिसिलेट नावाचा एक आझो रंग हवेविनाच शेवटपर्यंत, मिथेनपर्यंत, मोडलेला दिसला. म्हणजे ते अशक्य नाही. पण ते रंगारंगावर अवलंबून आहे, आणि आपल्या डाइंगमधून एक रंग निघत नाही, रोज वेगळे निघतात.

आपल्या भागातही या विषयावर काम झालेलं आहे. सोलापूरची महाविद्यालयं २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. त्या विद्यापीठात डॉ. संजय गोविंदवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कापड रंगांचं जीवाणूंकडून होणारं विघटन वर्षानुवर्षं अभासलं, आणि रंग गेल्यावर मागे काय उरतं, ते विषारी आहे का, हेही तपासलं. आमच्या मते हा दुसरा प्रश्नच महत्त्वाचा आहे.

दोन टप्प्यांतला दुसरा टप्पा का गाळला जातो, याचं कारण समजून घ्यायला हवं. पहिला टप्पा स्वस्त असतो. बंद टाकी, थोडा गाळ, थोडं अन्न, आणि पाणी फिकं. दुसऱ्या टप्प्यात हवा फुंकावी लागते, म्हणजे वीज लागते, म्हणजे बिल येतं. छोट्या डाइंगवाल्याचा नफा आधीच सुताच्या भावावर हेलकावे खातो. त्याला एकट्याला दोष देऊन काही होणार नाही. म्हणून अनेक छोट्या कारखान्यांचं पाणी एकत्र आणून दोन्ही टप्पे एका ठिकाणी पार पाडणारी सामाईक यंत्रणा हवी, आणि तिच्या दारात रंगासोबत अरोमॅटिक अमाइनही मोजले जायला हवेत. नुसता रंग मोजला तर पहिल्या टप्प्यावर थांबणारा पास होतो आणि दोन्ही टप्पे करणारा जास्त खर्च करून त्याच रांगेत उभा राहतो.

आणखी एक खूण सांगतो, ती घरी बसून कुणालाही बघता येते. टाकीतून बिनरंगी सोडलेलं पाणी उघड्या नाल्यात थोडं पुढे गेल्यावर तपकिरी पडू लागलं, तर त्यामागे एक शक्यता ही असते की तुटलेले अमाइन हवेशी क्रिया करून पुन्हा रंग धरत आहेत. निळाऱ्याचं सूत वाऱ्यावर निळं व्हायचं तसंच काहीसं. असं दिसलं तर पाणी निवळलंय असं समजू नये. त्याचा नमुना घेऊन तपासायला द्यावा.

मूत्राशयाचा आजार कारखान्यात उघडा पडला तो एका डॉक्टरने आपल्या रुग्णांना 'तू काम काय करतोस' असं विचारलं म्हणून. नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी भाजीला, गुरांना, कधी घराला लागतं. तिथला शेतकरी जेव्हा विचारतो की पाणी आता स्वच्छ दिसतंय, वापरू का, तेव्हा त्याला द्यायचं उत्तर दिसण्यावरून देता येत नाही. त्याला विचारायला हवं की वर कोणते रंग वापरतात, पाण्यावर एकच टप्पा होतो की दोन्ही, आणि अमाइन कुणी मोजले का. ही तीन उत्तरं मिळाली तरच त्याला हो किंवा नाही सांगता येईल. आता आपले प्रश्न घेऊ.